भुताला दुसऱ्यांदा मारणाऱ्या साहेबांना

मुलांच्या वाहिनीसाठी जुनी भुतं उकरून काढणाऱ्या निर्मातेसाहेबांस,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

तुमचं नाव पत्रावर घातलेलं नाही, कारण तुम्ही एकटे नाही. कधी तुम्ही अमेरिकेत असता, कधी मुंबईत. कधी तुमच्या हातात कॅस्पर असतो, कधी आमचा वेताळ. करता मात्र एकच. लोकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेलं एखादं भूत निवडायचं, त्याला गुबगुबीत गाल आणि वाटीएवढे डोळे द्यायचे, गाणं द्यायचं, डब्यावर आणि दप्तरावर छापायची सोय बघायची. आणि मुलांपुढे उभं करण्याआधी त्याच्यातली एकच गोष्ट गुपचूप काढून टाकायची. ते कधी काळी जिवंत होतं आणि मग मेलं, ही गोष्ट. भुताला मारणं आजवर एकाही मांत्रिकाला साधलं नव्हतं. तुम्ही ते करून दाखवलंत.

मी वडखळहून लिहिते आहे. मुंबई-गोवा महामार्गावरचं, पेण तालुक्यातलं आमचं गाव. अलिबागचा रस्ता इथूनच फुटतो, म्हणून शनिवार-रविवारी समुद्र बघायला निघालेल्यांना वडखळ म्हणजे एक नाका आणि तिथली गाड्यांची रांग, एवढंच ठाऊक असतं. नाक्याच्या पलीकडे गाव आहे, खारेपाटाची भातशेती आहे, डोलवीचा पोलाद कारखाना आहे, धरमतरची खाडी आहे. या भागातल्या मुलांना मी शिकवते. त्यांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर तुमची पात्रं काढलेली असतात, त्यामुळे तुमचा कारभार मला रोज दिसतो.

आधी कॅस्परबद्दल बोलू, कारण तुमच्या धंद्यात त्याच्याइतकं जुनं उदाहरण नाही. सीमोर राइट आणि जो ओरिओलो यांनी कल्पिलेलं हे भूत १९४५ साली पडद्यावर आलं. पहिल्याच छोट्या चित्रपटात हा पोरगा इतका एकाकी आहे की रेल्वेच्या रुळांवर जाऊन आडवा होतो. आपण आधीच मेलेलो आहोत हे विसरून. १९४८ च्या दुसऱ्या चित्रपटात तो एका थडग्याजवळ राहतो आणि एका कोल्ह्याच्या पिल्लाशी दोस्ती करतो. शिकारी त्या पिल्लाला मारतात. कॅस्पर रडतो, त्याला पुरतो, आणि मग ते पिल्लूही भूत होऊन त्याच्या शेजारी येतं. सात-आठ मिनिटांचा खेळ, पण त्यात मरण आहे, दुःख आहे, आणि गेलेला जीव पुन्हा भेटावा ही प्रत्येक लहान मुलाच्या पोटातली इच्छा आहे.

मग तुमचे पूर्वज आले. १९५२ पासून हार्वे कॉमिक्सने त्याची चित्रपुस्तकं काढली आणि हळूहळू ते थडगं चित्रातून गेलं. मेलेल्या मुलाचं नाव काढलं तर आईबाप पुस्तक विकत घेणार नाहीत, ही धास्ती. त्यावर तोड निघाली की भुतं ही एक वेगळी जमातच असते. भुताच्या पोटी भूत जन्माला येतं. भूत आणि जन्माला येतं! एवढी मोठी लबाडी मुलांशी केली आणि वर तिला मुलांची काळजी असं नाव दिलं.

आणि याच कॅस्परला १९९५ साली पुन्हा मोठ्या पडद्यावर आणलं तेव्हा काय घडलं, ते तुम्ही मुद्दाम आठवत नाही. त्या चित्रपटात एक आई गेलेली मुलगी आहे. तिचा बाप बायकोच्या आठवणीत इतका हरवला आहे की भुताखेतांच्या घरांतून तिलाच शोधत हिंडतो. एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेली खेळणी पाहता पाहता कॅस्परला आठवतं, की त्याला घसरगाडी मिळाली होती, अंधार पडला तरी तो बर्फात खेळत राहिला, थंडी बाधली, न्यूमोनिया झाला आणि तो गेला. बाप एकटा पडेल म्हणून तो मागे राहिला. सगळ्या चित्रपटाचा जीव या एका जागेत आहे. आई गेलेली मुलगी आणि मेलेला मुलगा एकमेकांशी बोलतात, आणि थिएटरात बसलेली लाखो पोरं गप्प होऊन ऐकतात. त्या चित्रपटाने जगभरात २५ कोटी डॉलरहून जास्त कमावले. तुम्हाला पैशांचीच भाषा कळते म्हणून हा आकडा दिला. पुढच्याच वर्षी त्याच्यावर मालिका आली, आणि २००९ मध्ये तर भुतांची शाळाच निघाली, जिथे कॅस्परला घाबरवायला शिकायचं असतं. ती मालिका फ्रान्सच्या कंपनीबरोबर हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने मिळून केलेली. म्हणजे हात आपले, संगणक आपले, रात्री जागून चित्रं हलवणारी पोरं आपली. भूत मात्र परक्याचं, आणि तेही मरण काढून घेतलेलं.

आता आमच्याकडे या. तुमच्या कॅस्परच्या वयाचाच एक मुलगा महाराष्ट्रातल्या गावोगावी पिंपळावर बसलेला आहे. मुंजा. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला, असा पोरगा. त्याच्या कथा ऐका, त्यात तो फारसा छळ करत नाही. खडे मारतो, वाटसरूला हाका घालतो, खोड्या काढतो. कारण तो पोरच आहे, आणि त्याचं खेळायचं राहून गेलं आहे. इतके मुंजे आले कुठून, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जन्मलेल्या दर ५ मुलांपैकी सुमारे १ मूल पहिलं वर्षही पुरं करत नव्हतं. त्यातून वाचलेली कितीतरी देवी, पटकी, प्लेगात जात. ज्या घरातून आठ-दहा वर्षांचं पोर उचलून न्यावं लागलं त्या घराने त्याला पिंपळावर जागा दिली, पाराशी दिवा लावला आणि येताजाता त्याचं नाव घेतलं. त्याला भीती म्हणा, नाहीतर आठवण ठेवण्याची रीत म्हणा. माझ्या मते रीत जास्त होती.

या मुंज्याला २०२४ साली हिंदी चित्रपटवाल्यांनी उचललं. आदित्य सरपोतदारांनी दिग्दर्शित केलेला ‘मुंज्या’ कोकणातल्या गावात सुरू होतो आणि तो धो धो चालला. संगणकाने घडवलेलं ते भूत आमच्या पोरांनीही पाहिलं. चित्रपट मोठ्यांचा होता. त्यातला मुंज्या लग्नासाठी पिसाटलेला, रक्ताला चटावलेला. दिग्दर्शकाने त्याच्या प्रेक्षकासाठी जे करायचं ते केलं, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण तुमच्याशी आहे. त्या यशानंतर आमच्या पिंपळावरचा तो लहान मुलगा लहान मुलांसाठी, त्यांच्या मराठीत आणावा, असं मुलांच्या वाहिन्या चालवणाऱ्या तुमच्यापैकी एकालाही वाटू नये?

वेताळाचं तर तुम्ही त्याहून वाईट केलं आहे. सोमदेवाचा कथासरित्सागर अकराव्या शतकातला, काश्मिरातला. पण त्यातली वेताळाची गोष्ट घडते गोदावरीच्या काठी, प्रतिष्ठान नगरात. म्हणजे आपल्या पैठणला. तिथला राजा त्रिविक्रमसेन रात्री स्मशानात जातो, शिंशपाच्या झाडाला लटकणारं प्रेत खांद्यावर घेतो, आणि प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगू लागतो. ‘चांदोबा’ वाचत वाढलेल्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र आजही जसंच्या तसं उभं राहतं: उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, मागे चितांचा उजेड आणि कवट्या. ते के. सी. शिवशंकरन यांनी काढलं होतं. २०२० मध्ये ते गेले. महिन्यामागून महिने ते प्रेत लाखो मुलांच्या हाती पडलं. शाळकरी पोरं ते उशाशी घेऊन झोपली. कोणाला काही झालं नाही. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सज्जन यांनी वेताळ केला आणि अरुण गोविलांनी विक्रम. पांढरे केस पिंजारलेला तो वेताळ खदखदून हसत झाडाकडे उडायचा आणि घरोघरी पोरं आईच्या पदराआडून, एक डोळा उघडा ठेवून, तो बघत राहायची. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच येऊन बसायची.

त्या गोष्टींमध्ये काय होतं? एक सांगते. मंदारवतीला मागणी घालणारे तिघे, आणि ती अचानक मरते. एक जण तिच्या चितेच्या राखेतच झोपडी बांधून राहतो. दुसरा अस्थी घेऊन गंगेवर जातो. तिसरा बैरागी होऊन भटकतो आणि मेलेल्याला उठवण्याचा मंत्र घेऊन परत येतो. ती उठते. मग ती कोणाची? राजा म्हणतो, ज्याने तिला पुन्हा जिवंत केलं तो बाप झाला, अस्थी नेल्या तो मुलगा झाला, आणि जो तिच्या राखेत झोपला तोच नवरा. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांनी काय करायचं असतं, या प्रश्नावर इतकं खोल बोलणारी गोष्ट आम्ही तिसरी-चौथीत वाचली. ते प्रेत खांद्यावर नसतं तर हे बोलणं झालंच नसतं. वेताळाची अट अशी: उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल; बोललास तर मी निघालो. या कात्रीत राजाबरोबर वाचणारं पोरही सापडतं आणि विचार करायला लागतं.

वेताळ नव्याने आणायची टूम निघाली की तुम्ही पहिल्यांदा स्मशान कापता. मग प्रेत. मग डोकं फुटायची अट, कारण ती हिंसक. शेवटी उरतो एक विनोदी, लठ्ठ, उडता काका, जो मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. खोटं बोलू नये! हे सांगायला पैठणच्या स्मशानातून वेताळ कशाला उठवायचा? ते आम्ही शाळेत फळ्यावर लिहितोच.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट ऐका, म्हणजे मी इतकी का चिडले आहे ते कळेल. आमच्या महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर या टप्प्यातलं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. रस्ता पुरा होता होता आमच्याकडची किती घरं अपुरी झाली, ते इथल्या कोणालाही विचारा. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप याच रस्त्यावर गेला. रात्रपाळीवरून मोटारसायकलने घरी येत होता. मुलगा पंधरा दिवसांनी शाळेत आला. त्याच्याशी काय बोलावं हे कोणालाच सुचत नव्हतं, म्हणून सगळे त्याच्याशी जास्तीचं गोड वागत होते, आणि ते त्यालाही कळत होतं. एका दुपारी डबा खाताना पोरं तुमच्या कुठल्याशा गोड भुताबद्दल बोलत होती. आदल्या संध्याकाळच्या भागात त्याने काय गंमत केली वगैरे. हा मुलगा भात चिवडत बसला होता. तो एकदम म्हणाला, “पण तो मेला कसा?”

कोणालाच माहीत नव्हतं. एक मुलगी म्हणाली, तो मेला नाही, तो तसाच आहे. दुसरा म्हणाला, कार्टूनमध्ये मरत नाहीत. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “बाई, भूत म्हणजे मेलेला माणूस ना? मग त्याच्या घरचे कुठे आहेत?”

साहेब, त्या मुलाने एका घासात तुमची सगळी लबाडी पकडली. तो गंमत विचारत नव्हता. मेलेला माणूस कुठे जातो, त्याला आपण आठवतो का, तो एकटा असतो का, हे त्याला विचारायचं होतं. आणि वडिलांचं नाव न काढता ते विचारायला त्याला एक भूत सापडलं होतं. तुमच्या भुताकडे उत्तर नव्हतं, कारण तुम्ही त्याला घर दिलं नव्हतं, आई दिली नव्हती, मरण दिलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका पोराला भुताची खरोखर गरज होती, आणि तुम्ही त्याच्या हातात फुगा दिलात.

मी त्याला मंदारवतीची गोष्ट सांगितली. नंतर बर्फात खेळत राहिलेल्या मुलाचीही सांगितली. त्याने एकच विचारलं, की बाप एकटा पडेल म्हणून तो थांबला, तसा बापही मुलासाठी थांबतो का. सगळा वर्ग ऐकत होता. मी म्हटलं, माणूस थांबत नाही, पण त्याची आठवण थांबते, आणि तुला वडिलांच्या गोष्टी सांगता येतील तितके दिवस ती थांबेल. मग तो सांगायला लागला. वडील खाडीत पाग कसे टाकायचे, कोलंबी मिळाली की घरी येताना लांबूनच शिट्टी कशी मारायचे. पोरांनी डबे तसेच ठेवले होते.

हे काम भूत करतं. गेलेल्यांबद्दल बोलायला लहान मुलांना तोंड फोडून देतं. म्हणून ते हवं असतं.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं: मुलं घाबरतील. घाबरू द्या की. मुलाला भीती हवी असते. फक्त ती कोणाच्या तरी मांडीवर बसून हवी असते. खारेपाटात वाढलेल्या प्रत्येकाला आजीने गिऱ्हाची गोष्ट सांगितली आहे. पाण्यात बुडून मेलेल्याचं हे भूत. तिन्हीसांजेला खाडीच्या काठाने जाऊ नको, उघडीजवळ खेळू नको, गिऱ्हा ओढून नेतो. ज्याने उघडी पाहिली नाही त्याला ही अंधश्रद्धा वाटेल. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि शेतातलं पाणी बाहेर सोडायला त्या बांधात दारं असतात, ती उघडी. ओहोटीला तिथून पाणी असं उसळून जातं की मोठा माणूसही पाय रोवू शकत नाही. माझी आजी आम्हाला प्रवाहाचा वेग समजावत बसली नाही. तिने गिऱ्हा सांगितला, आम्ही घाबरलो, आणि आम्ही सगळी भावंडं जगलो. शिवाय त्याच गोष्टीत पुढे असंही होतं की गिऱ्हाची शेंडी ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे तो निमूट राबतो. म्हणजे भीती होती, आणि धिटाईने तिच्यावर मात करायची युक्तीही तिथेच होती. तुमच्या गोड भुतात भीती नाही, म्हणून धिटाईलाही जागा नाही.

दुसरं उत्तर अंधश्रद्धेचं. या बाबतीत मला कोणी शिकवू नये. आमच्या भागात ताप आलेल्या पोराला आधी भगताकडे आणि मग दवाखान्यात नेणारी घरं मी पाहिली आहेत, त्यांच्याशी दारात उभी राहून भांडले आहे. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा लोकांना फसवणाऱ्या, छळणाऱ्या बुवा-मांत्रिकांविरुद्ध आहे. गोष्ट सांगणाऱ्या आजीच्या मागे तो लागत नाही. गोष्टीतलं भूत आणि अंगात आलेलं भूत यांतला फरक लहान मुलाला चांगला कळतो; त्याला तो कळावा म्हणूनच तर गोष्ट लागते. आणि अंधश्रद्धेची एवढी चाड असलेल्या तुमच्याच धंद्याने मोठ्यांच्या वाहिन्यांवर रात्री काय काय दाखवलं? ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये सुरू झाली, तिचे पुढचे भागही आले. आकेरीचा तो वाडा, अण्णा नाईक, शेवंता ही नावं माझ्या वर्गातल्या पोरांच्या तोंडी होती. दहा-साडेदहाला घरात एकच टीव्ही चालू असतो, पोरं तिथेच आडवी झालेली असतात. मोठ्यांचं भूत पोरांनी चोरून पाहिलेलं तुम्हाला चालतं. पोरांचं भूत पोरांसाठी नीट, विचार करून आणायचं म्हटलं की तुम्हाला कायदा आठवतो.

तिसरं उत्तर बाजाराचं: हल्लीच्या मुलांना असलं चालत नाही. हे धडधडीत खोटं आहे. १९९३ साली महेश कोठाऱ्यांच्या ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्यांनी केलेला तात्या विंचूचा बाहुला आला. पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्या खुन्याचा आत्मा त्या बाहुल्यात शिरतो. मराठी मुलांनी त्याला इतकं डोक्यावर घेतलं की तेव्हाची ती पोरं आज चाळिशीत येऊनही स्वतःच्या मुलांना तो दाखवतात. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांनी पुन्हा रंगभूमीवर आणलं आणि वैभव मांगलेंनी चेटकीण केली. ती चेटकीण दुष्टच ठेवली होती. तिला सुधारून, समजूतदार मावशी करून आणली नव्हती. नाट्यगृहं मुलांनी ओसंडून गेली. तिला बघून काही पोरं रडली, काही खुर्चीखाली शिरली, आणि घरी जाऊन सगळी चेटकीण चेटकीण खेळली. जुनं पात्र परत कसं आणायचं ते बघायचं असेल तर त्या नाटकाचा प्रयोग बघा. कपडे नवे, प्रकाश नवा, गाण्यांचा बाज नवा. दात मात्र जुनेच.

आमच्या पेणच्या कारखान्यांतही हीच समज आहे. हमरापूर, जोहे इथले गणपतींचे कारागीर टीव्हीवर काय चालतं ते तुमच्याइतकंच बारकाईने पाहतात. ‘जय मल्हार’ मालिका जोरात असताना खंडोबाच्या वेषातले गणपती साच्यातून निघाले. बालगणेशाचा चित्रपट आला तेव्हा रांगणारे गणपती आले. गिऱ्हाईक मागेल तसा मुकुट बदलतो, पितांबराचा रंग बदलतो, हातात काय द्यायचं ते बदलतं. पण डोळ्यांची आखणी करायला बसलेला माणूस कोणाचं ऐकत नाही. कारखान्यात त्या वेळी मोठ्याने बोलत नाहीत. बारीक कुंचला, मान तिरकी, श्वास धरलेला, आणि एका ओढीत पापणीची रेघ. आखणी चुकली तर ती मूर्ती बाजूला काढतात. भुताची आखणी म्हणजे त्याचं मरण. तुम्ही रंग, वेष, दागिने सगळं केलंत आणि बिनडोळ्यांची मूर्ती दुकानात मांडलीत.

आणि ती मूर्ती बोलतेही परक्या भाषेत. २०१२ मध्ये ‘मोटू पतलू’ टीव्हीवर आले तेव्हापासून जुन्या चित्रकथांमधली पात्रं उठवायची लाटच आली. लोटपोटमधल्या त्या दोघांचं भलं झालं, आनंद आहे. पण आमची घरी आगरी बोलणारी पोरं आता भांडताना, पडल्यावर, रुसल्यावर कार्टूनमधलं हिंदी बोलतात. मराठीत बोलणारं, मराठी मुलुखातलं, पारावरून उतरून आलेलं भूत त्यांना मुलांच्या वाहिन्यांवर भेटलेलं नाही. खुद्द कोकणात आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्रभर गावाची राखण करत हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. झिजलेल्या चपलांचा राखणदार! यापेक्षा मोठं, प्रेमळ आणि दरारा असलेलं पात्र तुमच्या कुठल्या लेखकाला एका बैठकीत सुचलं असतं? ते तयार आहे, शेकडो वर्षांचं आहे, आणि तुम्ही परदेशी भुताचे हक्क विकत घ्यायला विमानाने जाता.

मी तुम्हाला काम थांबवा म्हणत नाही. उलट करा. पिंपळावरचा मुलगा आणा. त्याला एक नाव द्या, त्याची आई दाखवा, तो कसा गेला ते पहिल्याच भागात सांगा. तापाने गेला, पुरात गेला, प्लेगात गेला, जे असेल ते सरळ सांगा. सगळ्या गोष्टींत त्याला थोडी थंडी वाजू द्या. त्याच्या बहिणीची पणती आज त्याच पारावर खेळायला येते असं करा, म्हणजे त्याला विचारायला आणि तिला सांगायला काहीतरी राहील. त्याने खडे मारले पाहिजेत, तो रुसला पाहिजे, त्याने कधी खरोखर घाबरवलंही पाहिजे. आणि त्याच्या तोंडी मराठी असू द्या, जमलं तर थोडी आमच्या बाजूची.

पहिला भाग तयार झाला की मुंबईतल्या थंडगार खोलीत जाहिरातदारांना दाखवण्याआधी आमच्याकडे घेऊन या. वर्गात टीव्ही आहे, वीज गेली तर दुपारपर्यंत थांबू, पोरं पन्नासेक भरतील. दिवा बंद करून भाग लावा आणि संपल्यावर समोर उभे राहा. तो मुलगा आता एक इयत्ता पुढे गेला आहे, पण मी त्याला बोलावून घेईन. तो पहिल्या रांगेत बसेल आणि हात वर करेल. तो काय विचारणार हे तुम्हाला आता ठाऊक आहे. उत्तर घेऊन या.

कळावे,

वडखळची एक शिक्षिका